पिकअप कण्हते, आळी जागी

— काय गं, परवा पहाटे बिबट्या तुमच्या गोठ्यामागं आला होता म्हणे? आख्खी आळी बॅटऱ्या घेऊन बाहेर!

— कसला बिबट्या, काकू! आमची पिकअप होती ती. कांद्याच्या गोण्या भरल्या, आळेफाट्याला निघायचं म्हणून ह्यांनी गाडी चालू करून न्यूट्रलला ठेवली आणि चहा प्यायला आत आले. तर ती अशी काही घोंघों करायला लागली की खालच्या वस्तीवरची कुत्री उठली. मग कुणीतरी ओरडलं, "उसात शिरला, उसात शिरला!" झालं. वनखात्याला फोनच जायचा बाकी होता.

— आपल्या जुन्नर तालुक्यात तेवढं निमित्त पुरतं गं. पण आमच्या ह्यांनी अंथरुणातूनच सांगितलं मला. म्हणाले, "बिबट्या नाही, बेअरिंग आहे. झोप तू."

— पांघरुणातून कळलं काकांना?

— नारायणगाव डेपोच्या वर्कशॉपात जन्म गेला त्यांचा. म्हणाले, तो परत गाडीत बसलाय, क्लच दाबला की आवाज गप्प होतोय, सोडला की परत सुरू. न्यूट्रलला क्लच सोडलेला असला की इंजिन गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट फिरवत राहतं. तिथलं बेअरिंग गेलं असेल तर तेव्हाच ओरडतं. क्लच दाबला की शाफ्ट थांबतो आणि तोंड बंद. उलटं असतं, म्हणजे दाबल्यावर आवाज आला असता, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. मग गिअरबॉक्सच्या तेलाच्या नादाला लागायचंच नाही.

— तरीच सकाळी दात घासता घासता तुमच्याकडून हाक आली. आणि सोमवार होता, मला बेल्ह्याच्या बाजाराला जायचंच होतं, मीही बसले गाडीत दाटीवाटीनं. काकांनी आधी गाणी बंद करायला लावली. काचा खाली. मग एकेक गिअर घालून पळवायला सांगितली. मला म्हणाले, "सूनबाई, तू पण ऐक, बायकांचे कान तिखट असतात."

— हे मला कधी म्हणाले नाहीत हो! बरं, पुढं?

— एकाच गिअरला आवाज असता तर त्या गिअरचे दाते झिजलेत. गिअर पडताना नुसतं कर्र होत असेल तर सिंक्रो रिंग, नाहीतर क्लच पुरता सुटत नाही. सपाटीला पळती गाडी न्यूट्रल करून पाहिली, तरी वेगाबरोबर घरघर राहिली असती तर मागचं क्राऊन-पिनियन नाहीतर चाकाचं बेअरिंग. आमची कशी, पहिल्या तिन्हीत आणि पाचव्यात गुरगुरली आणि चौथ्यात निम्म्यावर आली. तिथं काकांनी मांडीवर थाप मारली. असल्या गाड्यांना चौथा गिअर सरळ असतो म्हणे, जोर खालच्या ले-शाफ्टवरनं जातच नाही. म्हणजे ले-शाफ्टचं बेअरिंग.

— आणि रिव्हर्सचं?

— रिव्हर्स बहुतेक गाड्यांचा थोडा रडतो, दाते सरळ कापलेले असतात, त्याला घाबरू नको म्हणाले. पण काकू, थंडीत सकाळी पहिला गिअर पडत नव्हता, त्याचा उलगडा काही होईना. तेल बदलून तर बघू म्हणाले, खर्च थोडा आणि पोटातलं तरी कळेल.

— घरीच?

— आमच्याच अंगणात. बेल्ह्याहून आल्या आल्या, तेल गरम असतानाच. गार तेल निम्मं आतच चिकटून बसतं. जॅक लावू दिला नाही. पिकअप उंच आहे, सपाट जागा बघ, हँडब्रेक ओढ, चाकांना दगड लाव आणि सरक खाली. गाडी तिरपी असली तर तेलाची पातळीही खोटीच दिसते. आणि आमचे हे! पाना घेतला आणि थेट खालच्या नटाला. काका असे ओरडले, की मला वाटलं, आता खरंच बिबट्या आला.

— वरचा नट आधी सोडवायचा असतो ना? भरायचा?

— तुम्हालाही माहीत? हो. खालनं सगळं तेल काढून बसलात आणि वरचा नट गंजून अडकला असला तर भरणार कुठनं, गाडी अंगणातच. आमचा वरचा निघाला. काकांनी भोकात बोट वाकवून घातलं, तर कोरडं! तेल भोकाच्या कडेपर्यंत हवं.

— गळत होतं?

— मागच्या सीलमधनं. वर हवा जायला एक बारीक टोपी असते, ब्रीदर म्हणतात, ती चिखलानं बुजलेली. बॉक्स तापला की आतली हवा फुगते, वाट मिळेना की तेल सीलमधनं ढकलते. तारेनं साफ केली. मग खालचा नट काढला. ह्यांनी काय आणलं होतं खाली धरायला? माझी भाकरीची परात!

— अगं बाई!

— हिसकावून घेतली. गोडेतेलाचा रिकामा डबा आडवा कापून दिला. आणि तेल आलं ते... गरम असून काकवीसारखं. काकांनी बोटांत चोळलं, वास घेतला, आणि म्हणाले, "गाडी कुणाकडनं घेतली?"

— कुणाकडनं घेतलीत?

— हळू बोला. नणंदेच्या दिराच्या ओळखीनं. श्रावणात बघायला गेलो तेव्हा इतकी गप्प होती की हे खूश. आतमध्ये १४० नंबरचं घातलेलं! पाहिजे ८०-९०. जाड तेलात आवाज दबतो, विकायच्या दिवसापुरता. पूर्वी तर लाकडाचा भुसासुद्धा घालायचे म्हणे. आणि थंडीत त्या जाड तेलापायीच गिअर पडेना.

— नटाला लोहचुंबक असतं, त्याला काय लागलं होतं?

— करडा लगदा. बोटाला मऊ लागला तर झीज नेहमीची. कपच्या, दात्याचे तुकडे निघाले की बॉक्स उतरवायचा. आमच्यात तुकडे नव्हते, पितळेची थोडी पिवळी चमक होती, सिंक्रोची. आणि हा पुसलेला नट ह्यांनी कुठं ठेवला, तर मातीत. काका म्हणाले, "अरे, कुकडीच्या काठची ती राख बघायला डेक्कन कॉलेजचे लोक आपल्या बोरीत येतात. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख ती, म्हणजे काचेची पूड. तीच घाल आता बेअरिंगात!"

— कुठलं कुठं नेतात हे.

— नवं तेल आणायला गेलो, तर दुकानदार भारीतलं म्हणून जीएल-५ गळ्यात मारत होता. ते मागच्या क्राऊन-पिनियनला. त्यातला गंधकाचा मसाला पितळी रिंगा खाऊ शकतो. आमच्या गाडीच्या पुस्तकात बॉक्सला जीएल-४ लिहिलंय, तेच घेतलं. भरायला नरसाळं आणि ठिबकच्या लॅटरलचा कोरा तुकडा, वरनं सोडला. भोकातनं ओघळायला लागलं की थांबायचं, नटाला नवा वॉशर. जुनं तेल हे बांधावर ओतायला निघाले होते. काकांनी कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडं द्यायला लावलं, विहीर तिथनं किती लांब आहे!

— मग बरी झाली का पिकअप?

— गिअर आता लोण्यासारखा पडतो. घोंघों कमी आहे, गेली नाही. गेलेलं बेअरिंग तेलानं बरं होत नाही. काका म्हणाले, कांदा संपेपर्यंत लांबची भाडी घेऊ नका, मग बॉक्स उतरवा आणि सीलही त्यातच बदला. खर्च आहेच. हे म्हणतात, नशीब. मी म्हणते, कसलं नशीब! रविवारी नणंद येणारे, तिचा तो दीरही येणारे सोबत. त्या तेलातलं थोडं मी बाटलीत ठेवलंय.

— रविवारी किती वाजता?

— अकराच्या एसटीनं.

— बरं. माझी लसूण सोलायची राहिलीये, मी इथंच कुंपणापाशी बसेन.