पोटातली दुर्बीण

राजारामपुरीतून एक चक्कर मारा. एखाद्या तरी दवाखान्याच्या पाटीवर 'दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया' ही ओळ दिसेलच. दुर्बीण मूळची फारसी. 'दूर' म्हणजे लांब, 'बीन' म्हणजे बघणारी. शनीची कडी बघायला निघालेली ही बाई कोल्हापुरात येऊन मुतखडे शोधत बसली आहे.

"पोटात दुर्बीण घालून बघितलं की डॉक्टरनं!"

"मग काय घावलं?"

"काय न्हाई, पित्त."

वीतभर अंतरावरचं बघणाऱ्या नळीला 'लांबचं बघणारी' म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही.

आइसलँडच्या लोकांना असं खपत नाही. नवं यंत्र आलं की त्याला घरचंच नाव हवं. संगणक आला तेव्हा सिगुर्दुर नॉर्डाल या पंडितानं १९६५ मध्ये 'तोल्वा' शब्द घडवला. त्यात आकडा आहे आणि जुन्या कथांतली भविष्य सांगणारी 'व्होल्वा'ही आहे. आपण त्याच वाटेनं गेलो असतो तर आज बँकेत 'आकडेजोशीण बंद आहे, उद्या या' असं ऐकावं लागलं असतं. सूक्ष्मदर्शकाचंही तसंच. 'लहान' आणि 'बघणं' हे दोन घरगुती शब्द त्यांनी जोडले आणि मोकळे झाले.

आपल्याकडेही हा सोवळेपणा होता, आणि तोही याच गावात. माधव जूलियन, म्हणजे कवी माधव पटवर्धन, राजाराम कॉलेजात शिकवत होते, त्या काळात, १९३८ साली, त्यांचा 'भाषाशुद्धि-विवेक' आला. गंमत म्हणजे हे पटवर्धन मास्तर आधी फर्ग्युसनमध्ये फारसीचे प्राध्यापक होते आणि १९२५ चा फारसी-मराठी कोश त्यांचाच. पाहुण्यांची यादी ज्यानं मन लावून केली, त्यानंच त्यांच्या हाती नारळ ठेवायला घेतला! दुर्बीण मात्र नारळ घेऊनही गेली नाही.

तिची धाकटी बहीण तेवढी मराठीत रुजली नाही. उर्दूत सूक्ष्मदर्शकाला 'खुर्दबीन' म्हणतात, म्हणजे लहान बघणारी. हुबेहूब आइसलँडी जोडणी. आपण पुस्तकात 'सूक्ष्मदर्शक' छापतो आणि प्रयोगशाळेत 'मायक्रोस्कोप' मागतो. वास्तविक 'खुर्द' आपल्याला परका नाही. कागल तालुक्यात बेलवळे बुद्रुक आहे, तसं बेलवळे खुर्दही आहे. मला विचाराल तर 'खुर्दबीण' घ्यायला काहीच हरकत नव्हती. निदान बेलवळे खुर्दच्या पोरांना तरी तिचा अर्थ फळ्यावर लिहून द्यावा लागला नसता.