टपरी निवड समितीस अनावृत पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सर्व आजीव सदस्य,
टपरी निवड समिती, लातूर-नांदेड विभाग



परवा गंजगोलाईजवळ आपली बैठक झाली आणि अर्धा कप चहा संपायच्या आत राजवर्धन हंगरगेकरचा विषय कायमचा निकाली निघाला. 'त्याचं काय खरं न्हाई आता. लई वाइड टाकतंय.' ठराव एकमताने मंजूर. चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर मात्र एकमत झालं नाही.

समितीच्या कामाचा उरक वाखाणण्यासारखा आहे. तुळजापूरचा हा वेगवान गोलंदाज चेन्नईकडून आयपीएलमध्ये खेळला दोन सामने, दोन्ही 2023 च्या एकाच आठवड्यात. 31 मार्चला अहमदाबादेत 36 धावांत तीन बळी, त्यात विजय शंकर. 3 एप्रिलला चेपॉकवर दोन षटकांत 24 धावा, बळी नाही. हिशेब एवढाच: सहा षटकं, 60 धावा, तीन बळी. एवढ्यावर समितीने पोरगं ओळखलं!

चेपॉकवर त्या रात्री चेन्नईने 13 वाइड आणि तीन नोबॉल टाकले आणि धोनीनेही कान उपटले, हे खरं. पण कान उपटलेल्यांत कल्याणचा तुषार देशपांडेही होता. अहमदाबादेत त्याने 3.2 षटकांत 51 धावा मोजल्या होत्या. त्याला पहिल्या गाडीने कल्याणला पाठवा, असा ठराव तेव्हा गावोगावच्या समित्यांनी केला. धोनीने तो वाचला नसावा. तुषार खेळत राहिला, मोसमात 21 बळी घेऊन गेला, चेन्नईने चषक उचलला आणि पुढच्या वर्षी झिम्बाब्वेत तो भारताकडून खेळला. त्या ठरावाचं इतिवृत्त आता कोणत्याच दप्तरात सापडत नाही.

आणि हे सगळं कुठे चाललंय, तर लातुरात! ज्या गावाची अर्धी भाडी, मेस आणि झेरॉक्सची दुकानं रिपीटरच्या बॅचवर चालतात, तिथे. बैठकीला हजर असलेल्या एका सन्माननीय सदस्यांचे चिरंजीव यंदा तिसऱ्यांदा नीटला बसत आहेत. पहिल्या वर्षी निगेटिव्ह मार्किंगने घात केला, दुसऱ्या वर्षी फिजिक्सने. वडील म्हणतात, 'पोरगं हुशार हाय, जरा टाइम लागतोय.' बरोबरच आहे त्यांचं. नांदेडला श्रीनगर-बाबानगरच्या क्लासच्या गल्ल्यांतही हेच ऐकू येतं. मुलाला तीन वर्षं आणि हंगरगेकरला 36 चेंडू, हा दर नेमका कोणी ठरवला?

अमेरिकेतल्या बेसबॉलची गोष्ट समितीच्या कक्षेबाहेरची, तरी ऐकून घ्यावी. 1951 मध्ये विली मेज नावाचा वीस वर्षांचा पोरगा न्यू यॉर्क जायंट्सकडून उतरला. पहिल्या 26 प्रयत्नांत त्याचा एकच फटका लागला. पोरगं रडलं, मला परत पाठवा म्हणालं. व्यवस्थापक लिओ ड्युरोशर हटला नाही. मेजने पुढे 660 होमरन, म्हणजे तिकडचे षटकार, मारले. न्यू यॉर्कमध्ये चहाच्या टपऱ्या नव्हत्या, हे त्याचं नशीब.

समितीचं जुनं कामकाजही गाजलेलं आहे. एकोणीस वर्षांखालच्या क्रिकेटमध्ये नाबाद 451 करणारा जालन्याचा विजय झोल आज किती सदस्यांच्या तोंडी आहे?

पण बास झाला विनोद. 2020 मध्ये हंगरगेकरचे वडील कोविडने गेले. दोन वर्षांच्या आत तो वेस्ट इंडिजमध्ये एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक खेळत होता, आयर्लंडविरुद्ध 17 चेंडूंत नाबाद 39, पाच षटकार. आयपीएलच्या लिलावात 30 लाखांच्या पायाभूत किमतीवरून त्याची बोली दीड कोटीला गेली, तेव्हा 'आपला मराठवाड्याचा' म्हणून फ्लेक्सवर स्वतःचे फोटो छापून घेणारे कोण होते? फोटो त्याच्यापेक्षा मोठे! पुढे लखनौने त्याला पुन्हा 30 लाखांत घेतलं आणि 2025 चा अख्खा मोसम बाकावर बसवलं, तेव्हा यातल्या एकालाही फ्लेक्स आठवला नाही. बाकावर बसून लाइन-लेंथ सुधारत नाही हो. त्यासाठी गोलंदाजी करावी लागते, मारही खावा लागतो.

तरी समितीवर पुरतं रागावणंही जमत नाही. टीव्हीवर आपल्या बोलीतलं नाव यायला इथे वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. खेळात पुढे जायचं तर पोरांना पुण्याचीच एसटी धरावी लागते. एखादाच पोहोचतो. मग सगळ्या तालुक्यांची हौस त्या एकट्याच्या खांद्यावर येते, आणि त्याचा एक चेंडू लेगला गेला की चहा कडू लागतो. 3 एप्रिलच्या रात्री टीव्ही बंद करून न जेवता झोपलेले सदस्यही याच समितीत आहेत.

आता पुढच्या बैठकीत बीडच्या सचिन धसचा विषय घेणार असल्याचं कानावर आलं आहे. 6 फेब्रुवारी 2024 ला एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात बेनोनीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चार बाद 32 वरून 96 धावा काढणारा तोच. तूर्त विषय तहकूब ठेवावा. आणि परवाच्या चहाचे पैसे टपरीवाल्याला द्यावेत, तो विचारतोय.

आपला,
एक वर्गणी थकलेला सदस्य