रात्री दोनला ‘हो’ कोण म्हणणार?

लिनक्सच्या नादी लागलेल्या माणसाला कधी ना कधी वाटतंच, की दर तासाला पडद्याचा फोटो आपोआप निघावा. का, ते विचारू नये. तो क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं उरकणाऱ्या प्रोग्राममध्ये, एक ओळ टाकतो आणि निवांत झोपतो. सकाळी फोल्डर रिकामं. लॉगमध्ये मात्र तासागणिक तीच रड, डिस्प्ले उघडता येत नाही. क्रॉन लॉगिनच्या सत्राबाहेर चालतो. पडदा कुठला, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या, १९८७ साली आलेल्या एक्स-११ मध्ये यावर सोपा तोडगा होता. डिस्प्लेचा पत्ता आणि ‘मॅजिक कुकी’ (हे खरंच तिचं अधिकृत नाव!) एवढं हाती दिलं की काम फत्ते. पुढचा कारभार लग्नाच्या हॉलसारखा: एकदा आत शिरलात की मुलीकडचे की मुलाकडचे, कुणी विचारत नाही. शेजारच्या खिडकीत काय चाललंय तेच काय, कोणती कळ दाबली जातेय हेही कुठल्याही प्रोग्रामला कळायचं. वर ‘एक्सहोस्ट प्लस’ लिहून दारावरचा माणूसच घरी पाठवणारे महाभागही होते.

२००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी एक्स-११ ची जागा घेणारं वेलँड सुरू केलं आणि ही मौज संपली. आता प्रत्येकाला फक्त स्वतःची खिडकी दिसते. फेडोरा २५ या लिनक्स वितरणाने २०१६ मध्ये तेच मूळ निवड म्हणून दिलं. त्या काळात व्हिडिओ कॉलवर पडदा शेअर करणाऱ्याच्या प्रेक्षकांनी बराच काळोख पाहिला.

आता पडदा हवा असेल तर पोर्टल नावाच्या मध्यस्थाकडे अर्ज करायचा. पोर्टल माणसाला विचारतं, माणूस होकार देतो, मग पाइपवायर या व्हिडिओ पोचवणाऱ्या सेवेतून चित्र वाहू लागतं. व्यवस्था रास्तच आहे. फक्त रात्री दोनला होकार कोण देणार? आधी दिलेली परवानगी लक्षात ठेवणारं टोकन आहे, पण ते एकदाच चालतं. दर वेळी नवं मिळतं, ते जपून ठेवावं लागतं. ग्नोम या डेस्कटॉपच्या आतल्या वाटेने थेट फोटो काढणाऱ्यांना ४१ व्या आवृत्तीपासून ‘परवानगी नाही’ असं तोंडावर ऐकवलं जातं.

शेवटी आपला गडी स्वे या दुसऱ्या वेलँड-डेस्कटॉपवर जातो. तिथे ‘ग्रिम’ नावाचं अवजार कुणालाही न विचारता फोटो काढतं. फोटो आता दर तासाला निघतात, आणि घरची मंडळी खिडकी बंद करायची फुली शोधत बसतात. स्वे स्वतः ती देतच नाही.