बेलपाड्यात स्थायिक होणाऱ्यांचा शिष्टाचार

प्रस्तुत विवेचनात ‘नवागत’ ही संज्ञा अशा इसमास उद्देशून वापरली आहे, ज्याच्या गृहकर्जाचे हप्ते चालू असून जो पत्ता सांगताना गावाचे नाव टाळतो आणि ‘खारघर, सेक्टर अमुक’ एवढेच सांगतो. बेलापूर–पेंधर मेट्रो २०२३ साली सुरू झाली तेव्हा स्थानकाला ‘बेलपाडा’ हेच नाव मिळाले असले, तरी नवागताच्या बोलण्यात ते अद्याप आलेले दिसत नाही.

गावठाण, म्हणजे गावाच्या मूळ वस्तीची जागा, नवागतास ‘टॉवरांमध्ये घुसलेली’ वाटते. वस्तुतः नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० सालची असून गावे त्याआधीची आहेत, म्हणून तेथे गाडी लावण्यापूर्वी ते कोणाचे अंगण आहे हे विचारून घ्यावे, कारण मोबाइलच्या नकाशात अंगण दाखवण्याची सोय नाही. ‘साडेबारा टक्के’ हा व्याजाचा दर नव्हे. नव्या शहरासाठी संपादित केलेल्या जमिनीच्या तेवढ्या प्रमाणात विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याची ती योजना होय, आणि तिच्यामागे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांचे १९८४ चे आंदोलन व त्यात गोळीबाराने गेलेले पाच जीव असल्यामुळे त्यावर विनोद करू नये. येथेही केलेला नाही.

खरी कसोटी हळदीच्या रात्री लागते. येथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे आगरी समाजाच्या घरात लग्नाला नाही आले तरी चालते, परंतु हळदीला न येणे लक्षात ठेवले जाते. धवलारीण, म्हणजे लग्नविधींत पारंपरिक धवले गाणारी जाणती स्त्री, गात असताना हिंदी गाण्याची फर्माईश करणे असभ्य समजावे. ध्वनिक्षेपकास कायद्याने रात्री दहाची मर्यादा आहे खरी, पण नवागताचे घड्याळ पाच मिनिटे पुढे आणि बेंजोवाल्याचे बरेच मागे असल्याने तक्रार करण्याऐवजी आहेराचे पाकीट घेऊन खाली उतरणे श्रेयस्कर, कारण झोप तशीही लागणार नसते. तेथे कोणी आजी अरेतुरे करू लागल्यास तो अपमान न मानता प्रवेशपरवाना मानावा.

शाकाहारी नवागताने आपला आहार पंगतीला बसण्यापूर्वीच जाहीर करावा. ताटात वडे आणि मटण आल्यावर केलेले निवेदन ग्राह्य धरले जात नाही, कारण वाढणारी मावशी ‘बरं, मंग नुसता रस्सा घे’ असा तोडगा काढते आणि तिच्या लेखी तो पूर्ण शाकाहार असतो.