रांगोळी आणि रिस्क असेसमेंट

पूर्व लंडन

ती. आईबाबांना शि. सा. नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल. पाऊस आहेच, त्याची इथे बातमी होत नाही.

घराजवळच्या कम्युनिटी गॅलरीत आमची ऊठबस फार वाढली आहे. चालवतात बहुतेक पेन्शनर. कधी लिनोकटची कार्यशाळा, कधी मुलांचं मातीकाम, आणि वर्षातून एकदा खुलं प्रदर्शन. रॉयल अकॅडमीचं उन्हाळी प्रदर्शनही 1769 पासून दरवर्षी भरतं आणि तिथेही कुणीही चित्र पाठवू शकतं; पण तिथले परीक्षक ढीगभर चित्रं नाकारतात. आमच्याकडे नाकारायची कुणाची छाती नाही, कारण ज्याचं चित्र नाकारणार, सोमवारी काउंटरवर बसायची पाळी त्याचीच!

उद्घाटनाला समीर नवा झब्बा घालून गेला. ना दीपप्रज्वलन, ना शालश्रीफळ, ना ‘दोन शब्द’ बोलायला उठून पाऊण तास न बसणारे अध्यक्ष. लोक वाइनचे पेले घेऊन चित्रांकडे पाठ करून गप्पा मारतात. चित्र विकलं गेलं की शेजारी लाल टिकली लावतात. ओजसने हे पाहिलं मात्र, माझ्या पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढून त्याने सगळ्यांना सढळ हाताने वाटणी केली. थोडा वेळ कलावंत मंडळी भलतीच खुशीत होती.

दिवाळीत मला रांगोळी शिकवायला बोलावलं. आधी भला मोठा रिस्क असेसमेंटचा फॉर्म. पावडर कशाची? शिरगोळ्याची. धूळ उडते? उडते. पाय घसरण्याची शक्यता? आई, तू रोज सकाळी दारात ओणवी होऊन किती धोके पत्करतेस, याची आपल्या घरात कुणाला कल्पनाच नव्हती. एका निवृत्त इंजिनिअर आजोबांनी ठिपक्यांचं गणित चटकन मांडलं, पण चिमटीतून रेघ काही सुटेना, ढीगच पडायचे. शेवटी मी म्हटलं, “उद्या ही पुसायची.” सगळे हबकलेच. कुणी पुसू देईना. भोवती दोरी बांधली, ‘मिश्र माध्यम’ अशी पाटी लावली, आणि केर काढणाऱ्या बाई आठवडाभर त्या कोपऱ्याला वळसा घालून जात होत्या. मग एकदा ओजस पळत आला आणि प्रश्न मिटला.

बाबा, आम्ही व्हाइटचॅपल गॅलरीलाही जाऊन आलो. पूर्व लंडनच्या गरीब वस्तीला चांगली चित्रं बघायला मिळावीत म्हणून ती 1901 साली सुरू झाली. 1939 मध्ये तिथे पिकासोचं ‘गेर्निका’ लागलं, तेव्हा स्पेनच्या यादवीत लढणाऱ्यांसाठी तिकिटाऐवजी बुटांचा जोड घेत आणि ते बूट चित्राखालीच मांडत. देवळाबाहेर आपल्या चपला जातात त्यापेक्षा हे बरं. निदान कुठे गेल्या ते तरी कळतं.

तर आता मुद्द्याचं. कपाटावर गुंडाळून ठेवलेलं तुमचं रंकाळ्याचं जलरंगातलं चित्र आमच्या पुढच्या प्रदर्शनासाठी पाठवा. जन्मभर पोरांना इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रासाठी घागर आणि कांदे मांडून दिलेत, आता स्वतःचं काहीतरी भिंतीवर लागू दे. फ्रेम इथे करू. किमतीच्या रकान्यात ‘अमूल्य’ लिहू नका, गॅलरीला त्यावर कमिशन कापता येत नाही.

आणि आई, काकू येताहेत त्यांच्याबरोबर दोन किलो रांगोळी दे. पुडीवर ‘रांगोळी’ असं इंग्रजीतही ठळक लिही. नुसती पांढरी पावडर घेऊन काकूंना हीथ्रोवर उभं करू नकोस.

तुमची,
मंजू