आम्ही काय, घरचेच!

पाहुण्यांचे प्रकार पुष्कळ. पक्षी बघायला येणारे पहाटे आवाज न करता बाहेर पडतात, दुपारी येऊन मुकाट जेवतात आणि रात्री नऊला झोपतात. असे पाहुणे देवाने दर शनिवारी पाठवावेत. नवीन लग्न झालेली जोडपी काही मागत नाहीत, काही खात नाहीत, नाश्त्याचे घावन गार होतात एवढंच. निवृत्त मंडळी यायच्या आधी 'कमोड आहे ना?' हा एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या फोनवरून विचारतात आणि आहे म्हटलं की निर्धास्त होऊन येतात. ह्यांच्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं तर 'घरच्यां'वर.

आंजर्ल्याला आमचं घर रस्त्याकडे तोंड आणि समुद्राकडे पाठ करून उभं आहे. मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला बेडं, बेड्यापलीकडे वाळू. पडवीच्या बाजूच्या खोल्यांना संडास-न्हाणीघर जोडून घेतलं आणि फाटकावर पाटी लावली: 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय. फक्त शाकाहारी.' ह्या पाटीवरचा पहिला शब्द वाचून बाकीचे सोडून देतो आणि आत येतो, तो घरचा.

तो पुण्याचा असतो, ठाण्याचा असतो, हल्ली पिंपरी-चिंचवडचाही असतो. पन्नाशीला टेकलेला, अर्ध्या चड्डीतला, गळ्यात गॉगल अडकवलेला. डोक्यावर केस नाहीत आणि माझे अजून निम्मे काळे आहेत, तरी त्याची मी काकू. त्याचा पहिला फोन असा येतो:

"काकू, ओळखलंत का?"

ओळखणार कुठून? आयुष्यात कधी भेट नाही. दोन वर्षांमागे त्याच्या ऑफिसातलं कुणीतरी आमच्याकडे राहून गेलेलं असतं.

"म्हणजे आपण घरचेच झालो की! तर आता घरचा रेट सांगा."

आमच्या घरचे लोक येतात ते फुकट राहतात आणि जाताना वर पोह्याचे पापड घेऊन जातात. नणंदेला मी अजून कधी रेट सांगितलेला नाही. पण हे त्याला बोलून दाखवायची सोय नाही, 'चालेल' म्हणायचा.

मग एसीचं. "छे छे, कोकणात येऊन एसी कशाला? नैसर्गिक हवा पाहिजे," म्हणून तो साधी खोली ठरवतो. मे महिन्यात दुपारी दोनला माडाचं पातं हलत नाही, तेव्हा तो बनियनवर ओटीवर येऊन उभा राहतो आणि विचारतो, "काकू, ती शेजारची एसीची खोली रिकामीच आहे ना? नुसती पडलीय तर पोरांना झोपू द्या की तासभर." तो तास सकाळी साडेसातला संपतो.

माणसं किती, ह्या प्रश्नाचं त्याचं उत्तर ठरलेलं: चौघं. गाडीतून उतरतात सहा. जास्तीच्या दोघांत एक सासूबाई असतात, त्या 'काही खातच नाहीत', आणि एक भाचा असतो, तो 'लहान आहे'. लहान भाच्याला मिसरूड फुटलेली असते. रात्री ताकभाताला बसला की आमचे हे स्वयंपाकघरात येऊन हळूच सांगतात, "आणखी एक वाटा तांदूळ टाक."

वहीत नाव लिहायचं आणि आधार कार्ड मागायचं काम मी ह्यांच्यावर सोपवलं आहे, कारण त्या वेळी त्याचा चेहरा मला बघवत नाही. "घरच्या माणसाचं आधार?" तो खरोखर दुखावतो. पोलिसांसाठी लागतं म्हटल्यावर देतो, पण आपल्याला कुणीतरी उंबऱ्यावरच अडवलं हे त्याच्या मनातून जात नाही. त्याची भरपाई म्हणून तो लगेच घर बघायला निघतो. चपला काढून, हे कबूल करायला हवं, पण परवानगी न घेता. माजघर, देवघर, कोठीची खोली. फ्रीज उघडून "वा, खरवस!" म्हणतो. तो खरवस शेजारच्या बाळंतिणीसाठी ठेवलेला असतो. विहिरीवर गेला की रहाट ओढतानाचा व्हिडिओ काढायचा असतो. कळशी चारदा वर येते आणि चारदा आत जाते, कारण भाच्याचं बोट कॅमेऱ्यावर आलेलं असतं. आंघोळीला मात्र गीझर लागतो.

पाटीवर 'फक्त शाकाहारी' असल्याचं त्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळतं. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघायला गेलेला असतो, तिथून येताना काळ्या पिशवीत सुरमई. "आम्ही मागे अंगणात चूल मांडून तळतो, तुम्हाला काही त्रास नाही." ह्यांनी अशा वेळेसाठी पलीकडच्या आळीतल्या एका वहिनींशी बोलून ठेवलंय. त्या मसाल्याचे आणि करणावळीचे पैसे घेतात आणि झणझणीत करून देतात. तो ते पैसे देतो, कुरकुर करत नाही. तिथे तो घरचा नसतो ना!

मोदकांचा दिवस वेगळा सांगायला हवा. उकडीचे मोदक 'अनलिमिटेड' आहेत का, हे त्याने बुकिंग करतानाच विचारलेलं असतं. सकाळी नऊपासून मी नारळ खवून, सारण करून, उकड मळत बसते. साडेदहाला त्याची बायको येते. ती बिचारी सज्जन असते, दरवेळी असते. "काकू, मला पण शिकवा ना, घरचीच समजा." मी उकडीचा गोळा देते. ती पारी करते, आणि पारी जाड होते. मी म्हणते, कडा पातळ करा, तेलाचं बोट लावा. ती कडा पातळ करते, तर तळ फाटतो. तेवढ्यात भाचा येऊन व्हिडिओ सुरू करतो, म्हणून फाटलेल्या तळाला ती ठिगळ लावते, पाचच कळ्या पाडते, टोक ओढून घेते आणि कॅमेऱ्याकडे बघून हसते. तो मोदक पात्रात इतरांबरोबर जातो आणि वाफ लागल्यावर उघडतो. सारण खाली, उकड वर, गूळ हळदीच्या पानावर. पानात तो नेमका त्याच्याच वाट्याला येतो. तो तूप सोडतो, एक घास खातो आणि मोठ्याने म्हणतो, "काकू, आज तुमचा हात जरा बिघडलाय." ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. आम्ही दोघी काही बोलत नाही. असल्या गुपितांवर माझी निम्मी बुकिंगं परत येतात.

मार्च-एप्रिलमध्ये येणारा घरचा कासवांसाठी येतो. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. कासवमित्र ती उचलून कुंपणातल्या घरट्यात जपून ठेवतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात आणि सकाळ-संध्याकाळ ती समुद्राकडे सोडतात. निघतील त्या दिवशी निघतात. हे मी फोनवर सांगते, आल्यावर सांगते, झोपण्यापूर्वी सांगते. तरी पहाटे साडेपाचला तो दाराशी उभा: "काकू, आज नक्की ना?"

एकदा मीही गेले होते बरोबर. दोरीच्या अलीकडे शंभरेक माणसं, कुणी चहा न घेता आलेली. कासवमित्राने घरट्यावरची टोपली उचलली. खाली वाळू. दुसरी उचलली, तिथेही वाळू. माणसं हळहळली आणि पांगू लागली. आमचा पाहुणा दोरीवरून वाकून त्या पोराला म्हणाला, "अरे, जरा खणून तर बघ. आम्ही पुण्याहून आलोय." त्या पोराने इतक्या शांतपणे 'संध्याकाळी या काका' म्हटलं की ह्या कामाला निव्वळ प्राणिप्रेम पुरत नाही, हे मला कळलं. परतताना पाहुण्याने हिशेब मांडला: कासवं दाखवणार म्हणून आलो, कासवं दिसली नाहीत, तेव्हा एका रात्रीचं भाडं अर्धं व्हायला हरकत नाही. मी म्हटलं, कासवांना विचारते.

रात्री ओटीवर तो धंद्याचं शिकवतो. त्याच्या आवडत्या गोष्टीत ब्रायन चेस्की आणि जो गेबिया असतात. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत ह्या दोघांना घरभाडं परवडेना. शहरात डिझाइनवाल्यांची परिषद भरली होती, हॉटेलं तुडुंब. ह्यांनी आपल्या हॉलमध्ये हवेच्या गाद्या टाकल्या, सकाळी नाश्ता देऊ म्हणून जाहीर केलं आणि तिघं राहायला आले. त्यांत एक भारतीय विद्यार्थी होता, आडनावावरून तर आपल्याकडचाच. त्यातून एअरबीएनबी उभी राहिली. "बघा काकू! गाद्या टाकल्या आणि जग जिंकलं!"

आता ह्यात मला नवल वाटावं असं काही नाही. खाडीवर पूल नव्हता तेव्हा पलीकडे जायला तर होती. कड्यावरच्या गणपतीला आलेल्या माणसांना परतताना अंधार व्हायचा, तर चुकायची आणि ती माणसं ह्याच ओटीवर घोंगडी अंथरून झोपायची. सासूबाई त्यांना सकाळी गुरगुट्या भात वाढायच्या. कुणी नारळ ठेवून जायचं, कुणी नुसता नमस्कार. मी हे त्याला सांगितलं.

"पण त्यांनी कंपनी काढली नाही ना? तिथेच तुम्ही लोक कमी पडता," म्हणाला तो, आणि मुगाच्या डाळीची खिचडी आणखी वाढून घेतली. मग वाडी काढून तिथे स्विमिंग पूल कसा बसेल, ते त्याने पावलं टाकून मोजून दाखवलं. समुद्र त्या जागेपासून दगड मारला तर पडेल एवढ्यावर आहे.

एवढं लिहिल्यावर दुसरी बाजू सांगितली नाही, तर जेवणातलं मीठ मोजणाऱ्यांत माझी गणना होईल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरची गावंच्या गावं उघडी पडली. आमच्या घराची कौलं वाडीत आणि वाडीतले माड घरावर, असा प्रकार झाला. पोफळी तर काड्यांसारख्या मोडल्या. एक माड लावला तर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, म्हणजे त्या एका दुपारी आमचं पुढचं काय काय गेलं ते मोजायची हिंमतच झाली नाही. लाईट गेलेली, फोन बंद. बऱ्याच दिवसांनी रेंज आली, तेव्हा पहिला फोन कुणाचा यावा? तोच आवाज: "काकू, ओळखलंत का?"

ह्या वेळी ओळखलं. कौलं, पत्रे, धान्य, सगळी चौकशी करून झाल्यावर त्याने न मागता दहा हजार रुपये पाठवले. "मदत वगैरे म्हणू नका, राग येईल. पुढच्या मेचं बुकिंग समजा." आमच्या ह्यांना त्या दिवशी बोलता येईना.

पुढच्या मेमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने सगळंच बंद. तो आला दिवाळीत; चौघं म्हणून, सहा. दिवाळीचा दर जास्त असतो. जाताना तो पडवीत कॅल्क्युलेटर घेऊन बसला. पैसे मेच्या दराने भरलेत, तर दर मेचाच लागणार, हा पहिला मुद्दा. दीड वर्ष रक्कम आमच्याकडे पडून होती, तिचं बँकेच्या दराने व्याज, हा दुसरा. "व्यवहार म्हणजे व्यवहार, काकू. घरच्यांत तरी चोख पाहिजे." मी दर मेचा लावला, व्याजाच्या बदल्यात कोकम आगळाची बाटली दिली. त्याने ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "दोन द्या, सासूबाईंचं वय झालंय." गाडीच्या डिकीत वाडीतले सहा नारळ आधीच गेलेले होते. ते झाडावरून आपोआप पडले असणार, असं आम्ही धरून चालतो.

पुण्याला पोचल्यावर त्याने मोबाइलवर शेरा लिहिला. पाचपैकी चार तारे. 'अगदी घरच्यासारखं वाटलं. मात्र रूम सर्व्हिस नाही.'

ह्या मेचं बुकिंग सुरू आहे. तुम्हीही या. माणसं मोजून सांगा, मिसरूड फुटलेली धरून. कासवांची हमी नाही, मोदकांची आहे. आणि खरंच घरचे असाल, तर जेवण झाल्यावर ताट उचलून मोरीत नेऊन ठेवा. आमच्या घरचे ठेवतात.