दतिया गेट आणि गिगाहर्ट्झ
झाशीच्या जुन्या तटबंदीतल्या दतिया गेटातून टांगा न्या की कोरी मोटार, कमानीची रुंदी तेवढीच. संगणकाच्या दुकानात मात्र कमान कुणी मोजत नाही. विचारतात ते घोडे किती, म्हणजे चिपचे गिगाहर्ट्झ किती. 2004 सालचा पेंटियम 4 चक्क 3.8 गिगाहर्ट्झवर धावे. 2006 सालचा 2.4 गिगाहर्ट्झचा कोअर 2 ड्युओ त्याला सहज मागे टाकी, कारण दर ठोक्याला तो जास्त काम उरके, तेही दोन कोअरनिशी. आकडा उतरला नि वेग चढला. जाहिरातवाल्यांची केवढी पंचाईत!

यावर कुणी म्हणेल, शेवटी नवा तो वेगवान, हे खरंच ना? खरं, पण आकडेमोडीपुरतं. चिपचा वेग वाढला त्या प्रमाणात मेमरीची दिरंगाई घटली नाही. नवा शिलेदार बराच वेळ कमानीशी ताटकळतो. उलट जुन्या यंत्रातली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर प्रोसेसर न बदलताही ते तरतरीत होतं. पण 2021 सालच्या विंडोज 11 ने 2017 पूर्वीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर यादीबाहेर ठेवले. कारण सुरक्षिततेचं, आणि त्यात तथ्यही आहे. तरी वेशीवरचा पहारेकरी आता वेग सोडून जन्मतारीख विचारतो.